जेवलं की पोट टम्म, रात्री घशाशी आंबट – घरात तीन चूर्णं आहेत, कुठलं घेऊ?

घाटवाहक

नमस्कार मंडळी. इथं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. मी वाहक आहे, कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर. वय 43. बीपी-शुगर काही नाही, म्हणजे तपासलेलं नाही. उभं राहून राहून कंबर धरते, तिची गोळी अधूनमधून चालू असते, एवढंच.

त्रास असा. दुपारी जेवलो की तासाभरात पोट टम्म फुगतं. पट्टा एक भोक सैल करावा लागतो. नेमका तेव्हाच आंबा घाट लागतो. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसरा हात वरच्या दांडीला, गाडी खच्चून भरलेली. अशात गॅस झाला तरी सोडणार कुठं? पुढ्यात बायामाणसं, शाळेची पोरं. दाबून धरायचं. साखरपा येईपर्यंत बेंबीभोवती कळा मारतात आणि तिथं खाली उतरून आडोशाला गेलं तर होतच नाही!

रात्रीची तऱ्हा वेगळी. मुक्कामी गाडी असली की जेवायला साडेनऊ-दहा वाजतात. जेवलं की आडवं व्हायचं, कारण पहाटेची पहिली गाडी आपलीच. मग मध्यरात्री घशाशी आंबट-कडू पाणी येतं, छाती जळते, उठून बसावं लागतं. डॉक्टरांनी मागं पॅन्टोप्राझोलची खालीपोटी घ्यायची गोळी महिनाभर दिली होती. पुढं मेडिकलमधून मीच आणत राहिलो. घेतली की बरं वाटतं, सोडली की दोन दिवसांत दुप्पट जळजळ.

आता घरात तीन डबे जमलेत. सासऱ्यांनी हिंग्वाष्टक पाठवलं. आमचा चालक लवणभास्करचा भक्त, म्हणतो ताकात टाकून पी, काहीही पचेल. मंडळींनी काष्ठौषधीच्या दुकानातून अविपत्तिकर आणलं. एकजण म्हणतो ताक पी, दुसरा म्हणतो आंबट बंद कर. कुणाचं ऐकू? तिन्ही मिसळून घेतली तर? हॉटेलवर गाडी थांबली की आम्हा दोघांना चहा-भजी मिळतातच, तेवढं सुटणार नाही, आधीच सांगतो.

फिट_पुणेकर

सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी + लिंबू + मध. सगळं साफ. चूर्णं-बिर्णं काही लागत नाहीत.

खलबत्ता

घाटवाहक दादा, मी वैद्य आहे. कराडला दवाखाना आहे, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं चालक-वाहक मंडळी माझ्याकडं रोजची. तुम्ही लिहिलंय त्यावरून अंदाज येतो, पण हा अंदाजच. जीभ, नाडी, पोट हाताखाली घालून बघणारा माणूस गाठायचाच आहे, हे धरून पुढचं वाचा.

आधी वरचं लिंबू-मध. रात्री छाती जळणाऱ्यानं सकाळी उपाशीपोटी लिंबू पिऊ नये. पुढचा मुद्दा.

तुम्ही एकच त्रास समजून लिहिलंय, पण तुमच्या पोटात दोन पाहुणे आहेत. दुपारचं फुगणं, कळा, हा वाताचा कारभार. विष्टब्धाजीर्ण, म्हणजे वातानं अडवलेलं अपचन. अशा माणसाचा अग्नी, म्हणजे पचनाची ताकद, विषम असतो, आज मटण पचवेल आणि उद्या वरणभातावर रुसेल. रात्रीची जळजळ आणि आंबट-कडू पाणी हे पित्ताचं, विदग्धाजीर्ण, म्हणजे पित्तानं आंबवलेलं अपचन, आणि ते अंगात मुरलं की अम्लपित्त. दुकानात जाऊन ‘ॲसिडिटीचं काहीतरी द्या’ म्हटलं की दोन्हींवर एकच पुडी मिळते, तिथंच घोळ होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. घाटात तुम्ही गॅस दाबून धरता. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थानाचा चौथा अध्याय उघडलात तर सुरुवातच ‘वेग अडवू नका’ अशी आहे. वेग म्हणजे शिंक, लघवी, झोप अशा शरीराच्या नैसर्गिक हाका. असे तेरा वेग सांगितलेत आणि त्या यादीत पहिला मान अधोवायूचा. तो अडवला की काय होतं तेही वाग्भटांनी दिलंय: पोटात गोळा, कळा, थकवा, अग्नी मंदावणं, आणि वारा, लघवी, शौच तिन्ही अडून बसणं. साखरप्याला उतरल्यावर होतच नाही म्हणालात ना, ते हेच. आलेल्याला दारातून परत फिरवलं की तो पुढच्या वेळी बोलावूनही येत नाही. गाडीत काय करायचं ते मी सांगू शकत नाही, लोकलाज मलाही कळते. पण जेवणानंतर गाडी सुटायच्या आत दहा मिनिटं काढा, फलाटाच्या टोकापर्यंत चालून या, वारा सरू द्या, लघवी करून या. शतपावली म्हणतात ती हीच. जेवण उरकून थेट दांडीला लटकायचं नाही.

यावर त्याच अध्यायात तेल, शेक आणि बस्ती (गुदमार्गानं दिलेलं तेल किंवा काढा) सांगितलेत. तुम्हाला घरी जमेल ते एवढंच: रात्री तिळाचं तेल कोमट करून बेंबीभोवती आणि कंबरेला हलक्या हातानं जिरवायचं, मग गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं. पोटावर फिरवताना हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. कंबरेलाही बरं वाटेल. आठवड्याची सुट्टी असेल त्या दिवशी जवळच्या वैद्याकडून मात्राबस्ती घेता आली तर उत्तम. साधारण 60 मिलि कोमट तेल असतं, फार सोपस्कार नसतात. लोक उगाच लाजतात.

आता डबे.

हिंग्वाष्टक: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा किंवा ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि तुपात फुलवलेला हिंग. दुपारच्या फुगण्यावर तुमचं औषध हे. जेवण झाल्यावर तोंडात टाकून वर पाणी ढोसायचं नाही. ते पहिल्या घासाचं औषध आहे. गरम भाताचा किंवा कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास, त्यावर चमचाभर साजूक तूप, त्यात पाव छोटा चमचा चूर्ण कालवायचं आणि नीट चावून खायचं. मग बाकीचं जेवण. तुपाशिवाय घेतलं तर तुमच्यासारख्याला जळजळ वाढेल. आणि फक्त दुपारी. रात्री नको.

अविपत्तिकर: हे रात्रीच्या पाहुण्याचं. पण यात काय आहे ते ऐका. ग्रंथातल्या मापानं एकूण चूर्णात निम्मी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर. निशोत्तर म्हणजे रेचक. पित्त खालच्या वाटेनं काढून टाकणं हेच त्याचं काम. तेव्हा पहाटेची पहिली गाडी असेल त्याच्या आदल्या रात्री हे तोंडात घालू नका. मुक्काम नसेल, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा अर्धा छोटा चमचा कोमट पाण्यातून घेऊन बघा. आणि साखर निम्मी आहे म्हटल्यावर शुगर तपासल्याशिवाय रोज नको. तुम्ही ‘तपासलेलं नाही’ लिहिलंय ते मी वाचलंय.

लवणभास्कर: नावातच लवण. समुद्रमीठ, पादेलोण, बिडलोण, सैंधव, सगळी मिठं त्यात नांदतात, शिवाय आंबट. चालकमित्राला चालत असेल, त्याचं पोट थंड आणि जड असेल. तुमच्या जळजळीत हे भर घालेल. बीपी मोजेपर्यंत डबा बंद.

तिन्ही मिसळून? एक मीठ, एक जाळ, एक जुलाब. नका.

ताकाचं भांडण सोपं आहे. ताक वाताला आणि मंद अग्नीला फार चांगलं. जळजळ, चक्कर किंवा रक्त पडण्याचा त्रास असलेल्याला आणि कडक उन्हाळ्यात ते देऊ नये, असं जुन्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे तुमच्यापुरतं: दुपारी, गोड दह्याचं, लोणी काढलेलं, पातळ, जिऱ्याची पूड घालून, वाटीभर. स्टँडवरचं आंबूस ताक नाही. रात्री ताक नाही, दही तर अजिबात नाही. सध्या आषाढ चालू आहे, पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो, तेव्हा चिमूटभर सुंठही चालेल.

चहा-भजी. पहिलं अन्न जिरायच्या आत वर दुसरं टाकणं याला अध्यशन म्हणतात, आणि तुमचा धंदाच असा की दर दीड तासाला कुणीतरी बशी पुढं करतं. मी बंद करा म्हणणार नाही, कारण तुम्ही करणार नाही. पण भज्यांची बशी समोर आली की आधी स्वतःला विचारा: मागच्या जेवणाची ढेकर अजून वासाची येतेय का? येत असेल तर चहा घ्या, भजी चालकाला. अंग हलकं, ढेकर शुद्ध, खरी भूक, मगच खायचं. पोटाचे चार भाग धरले तर दोन अन्नाचे, एक पाण्याचा, एक वाऱ्यासाठी मोकळा. तुम्ही वाऱ्याची जागा भज्यांना दिलीत.

मुक्कामाच्या रात्री जेवण संध्याकाळी सातच्या आसपास गाडीतल्या डब्यातून उरकता आलं तर निम्मं काम होईल. दहा वाजताचं जेवण नेहमीच्या निम्मं, तेलकट-तिखट वगळून. झोपताना डाव्या कुशीवर, डोक्याकडची बाजू उंच. उशांची चळत नको, अंथरुणाखालीच काहीतरी सरकवा.

आणि पॅन्टोप्राझोलची गोळी तडकाफडकी थांबवू नका. त्याबद्दल कुणी ॲलोपॅथीचे डॉक्टर लिहितील तर बरं.

आमसूल

खलबत्ताताईंनी सांगितलंय त्यात माझी भर फक्त डब्याची. मी रत्नागिरीची, आमचे हे पण फिरतीवर असायचे.

सकाळी निघताना पोहे-उपमा नको, पेज खाऊन निघा. उकड्या तांदळाच्या कण्या वाटीभर, पाणी आठ-नऊ वाट्या, मंद आचेवर गुरगुट शिजवायची. वरून मीठ, तूप. दुपारपर्यंत पोट शांत राहतं आणि जडही होत नाही. डब्याला ज्वारीची भाकरी, दुधी किंवा पडवळ किंवा दोडका, फोडणीत हिंग-जिरं, आणि मुगाचं घट्ट वरण. गवार, वाटाणा, पावटा, हरभऱ्याची उसळ घाटाच्या दिवशी डब्यात द्यायची नाही, हे वहिनींना सांगा. कुळथाचं पिठलं आमच्याकडं वाऱ्यावर देतात पण ते उष्ण, तुम्हाला जळजळ आहे तर राहू दे.

रात्रीसाठी साळीच्या लाह्या. चिवड्याच्या नव्हेत, साळीच्याच. दोन मुठी लाह्या तांब्याभर पाण्यात तासभर भिजवायच्या, गाळून ते पाणी खडीसाखर घालून घोट घोट प्यायचं. उलटीसारखं वाटत असलं तरी पोटात टिकतं. मुक्कामाच्या पिशवीत पुडी ठेवायला काही जड नाही.

आणि आषाढी आलीय. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ करू नका. साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा, वर रताळ्याचा कीस, एवढं खाऊन घाट चढलात तर पांडुरंगही काही करू शकणार नाही. वरीचे तांदूळ आणि आमसुलाचं सार पुरे.

जुनाजाणता

एवढी लांबण कशाला? सूतशेखर रस दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ. आमच्या घरात सगळे घेतात. ऑनलाइन मिळतो. आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.

खलबत्ता

जुनाजाणता, नमस्कार. सूतशेखर मीही देते. ज्याला देते त्याला किती दिवस, कशाबरोबर आणि कधी थांबवायचं ते लिहून देते. त्यात पारा-गंधकाची कज्जली आहे, ताम्रभस्म आहे, बचनाग आहे, धोत्र्याचं बी आहे. शुद्ध केलेलं असतं, विधीनं केलेलं असतं, सगळं मान्य. पण डबी हातात घेऊन बघा, ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापलेला असेल. आपल्याकडच्या औषध नियमांत अशा विषारी घटकांची वेगळी यादीच आहे आणि ते घटक असलेल्या औषधावर हा इशारा छापावाच लागतो. ‘घरात सगळे घेतात’ यातल्या लहान मुलांचं आणि गरोदर सुनेचं तेवढं थांबवा, कृपा करून.

घाटवाहक दादा, हा चौथा डबा घरात आणू नका.

वऱ्हाडी_डॉक्टर

मी एमडी मेडिसिन, नागपूर. आयुर्वेदातलं मला कळत नाही, त्यात बोलणार नाही. पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. ‘कंबर धरते, तिची गोळी अधूनमधून.’

भाऊ, ती कुठली गोळी? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांतली कुठली असेल तर जळजळीचं अर्धं उत्तर तिथंच आहे. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात, उपाशीपोटी घेतल्या तर जास्तच. वरून चूर्ण घ्या नाहीतर पॅन्टोप्राझोल, खालून गोळी खरवडत राहणार. आधी ती बदलून घ्या.

पॅन्टोप्राझोल महिनोन्महिने घेऊन एकदम सोडली की आम्ल उसळतं. तुमची दुप्पट जळजळ ती. म्हणून हळूहळू कमी करायची असते, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण पाठीची गोळी चालू असेल तर ती तुमचं संरक्षणही करतेय. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं, रक्त तपासताना तेही बघून घ्या. एच. पायलोरी नावाच्या जंतूचीही तपासणी असते, ती करायची का ते डॉक्टर ठरवतील.

आता हे नीट वाचा. शौच काळंकुट्ट आणि चिकट होत असेल, उलटीत रक्त असेल, घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, चालताना किंवा चढताना छातीत जळजळ होऊन दम लागत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जात असेल, तर कुठलाही डबा उघडत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना. शेवटच्या दोन्हींत ईसीजी आधी, बाकी सगळं नंतर. ‘गॅस छातीत चढला’ म्हणत रात्र काढलेले पेशंट मी बघितलेत.

घाटवाहक

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब, गोळीचं पाकीट काढून बघितलं. डायक्लोफेनॅकच आहे, आणि मी ती पहाटे चहाबरोबर घेतो, दुसरं काही पोटात नसताना. शौच काळं वगैरे नाही, वजन तर वाढतंय. आज कामावरून सुटल्यावर आरोग्य केंद्रात बीपी मोजलं, 148/94 निघालं. पुन्हा आठवड्यानं बोलावलंय, शुगरही तेव्हाच बघणार आहेत. म्हणजे लवणभास्कर चालकालाच परत. तो रुसणार.

ताई, सातला डब्यातून जेवायचं पटलं. त्या वेळी गाडी सुटायला वीसेक मिनिटं असतात, मागच्या सीटवर बसून होईल. चालायचंही करतो. फलाटाच्या टोकाला पानाची टपरी आहे, तिथं तंबाखूचा बार भरल्याशिवाय परत येणं अवघड आहे, पण बघू.

एक विचारायचं राहिलं. बीपी निघालं तर हिंग्वाष्टकातलं सैंधव चालेल का? आणि चूर्ण घरी करायचं म्हटलं तर किराण्यातला डबीतला हिंग चालतो का? मंडळी म्हणतात, घरचं केलेलं बरं.

खलबत्ता

तंबाखू! हे पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं. दादा, घशाशी येणाऱ्या आंबटाला तंबाखू उघड आमंत्रण आहे. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची पकड तीच सैल करते. बार निम्म्यावर आणा म्हणत नाही, बंदच करा म्हणते. टपरीच्या अलीकडच्या खांबाला हात लावून परत फिरायचं.

सैंधवाचं: पाव चमच्यात त्याचा वाटा आठवा हिस्साच असतो, तेवढ्यानं आकाश कोसळत नाही. पण लोणचं, पापड आणि भज्यांवरचं मीठ चालू ठेवून चूर्णातलं सैंधव मोजत बसू नका. ज्येष्ठमधाची काडी चघळायची कुणी सुचवेल, जळजळीला ती चांगलीच, पण बीपी वाढवते. तुम्हाला नको.

हिंगाचं: डबीतला हिंग बहुतेक बांधानी असतो, म्हणजे हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक. आमटीला ठीक, चूर्णाला नाही, कारण मापात निम्म्याहून जास्त पीठच जातं. काष्ठौषधीच्या दुकानात खडा हिंग मागा. तो बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडून येतो, हिमाचलातल्या लाहौलमध्ये लागवड सुरू झालीय ती 2020 ची गोष्ट, त्यामुळं महागच पडेल. पण दहा ग्रॅम खूप दिवस जातो. खडा लहान फोडून मंद आचेवर तुपात फुलेपर्यंत परतायचा, गार झाला की कुरकुरीत होतो, तेव्हाच कुटायचा. करपला की कडू होतो, मग टाकून द्यायचा. बाकीची सात द्रव्यं वेगवेगळी हलकी भाजून, कुटून, कापडातून गाळून घ्यायची. पावसाळ्यात ओल धरतं म्हणून थोडंच करा, काचेच्या बरणीत, कोरडा चमचा.

आणि डायक्लोफेनॅकचं डॉक्टर म्हणतात तसं आधी करा. ती गोळी तशीच चालू असेल तर हे चूर्ण सुरूच करू नका.

आमसूल

दादा, वहिनींना सांगा, खडा हिंग कुटताना खिडकी उघडी ठेवा आणि खलबत्ता दुसऱ्या कशाला वापरू नका. आमच्याकडं वेलदोडे कुटले होते त्याच दिवशी, पुढं महिनाभर शिऱ्याला हिंगाचा वास.